वांगी रंगाचं जाकीट

माझ्या मुलीच्या लग्नात पुण्याच्या विहीणबाईंना मी मारबत समजावून सांगायला बसले, तेव्हा त्या अर्ध्यातच म्हणाल्या, "म्हणजे होळीच की हो तुमची." लग्नघर होतं, नाहीतर उत्तर तयार होतं.

होळी वेगळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू-कागदाची अवाढव्य बाई. एक पिवळी, एक काळी. आणि तिच्याबरोबर गल्लीगल्लीतून बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. वर्षभर माणसाला ज्यानं छळलं त्याला रूप द्यायचं. महागाईचा बडग्या, तापाच्या साथीचा बडग्या, रॉकेलच्या रांगेचा बडग्या, पुढाऱ्याचा बडग्या. बैलबंडीवर बसवायचा, वाजतगाजत शहरभर फिरवायचा, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसेस्तोवर ओरडायचं आणि शेवटी गावाबाहेर नेऊन पेटवून द्यायचा. त्या एका दिवशी नागपुरात कोणीही कोणालाही काहीही म्हणू शकतं. तोंड मिटून बसायला उरलेलं वर्ष असतंच.

आमच्या गल्लीचा बडग्या माझे वडील करायचे. त्यांचं नाव कवडूजी. आमची गल्ली पाचपावलीच्या अलीकडची, विणकरांची. घरोघरचे हातमाग एकेक करून बंद पडले आणि गल्लीतली बहुतेक माणसं मिलमध्ये लागली, तसे बाबाही लागले. तिथल्या मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे त्यांना हळू बोलणं म्हणून ठाऊकच नव्हतं. घरात मीठ मागितलं तरी चार घरांना कळायचं. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, कानावर अर्धी बिडी. मिलमध्ये त्यांना कोणी विचारत नसे. पण पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या ओट्यावर ते बांबूच्या कमच्या आणि भाताचं तणस घेऊन बसले की येणारा-जाणारा थांबून "काय म्हणते गा बडग्या?" असं विचारूनच पुढं जायचा.

आमच्या गल्लीत एक रीत होती. दुसऱ्या गल्ल्यांत ती होती की नाही, मला माहीत नाही. आमच्या बडग्याचे कपडे विकत आणत नसत. प्रत्येक घरानं एक कपडा द्यायचा. ज्या माणसाला पीडा असेल त्याच्या अंगावरचा. कपडा बाईमाणसानं आणायचा, गुंडाळून, आणि आमच्या दारात द्यायचा. बाबा तो दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावायचे. दिलेला कपडा परत करायचा नाही, आणि कोणी दिला ते कधी कोणाला सांगायचं नाही. बाबांचं म्हणणं असं, की नाव घेतलं की पीडेला पत्ता कळतो आणि ती जळता जळता मागं फिरते.

हसू नका. मीही हसत असे. पण दारात कपडे घ्यायला आईबरोबर मी उभी राहायची आणि काय काय येतं ते बघायची. एका घरातून बिनबाह्यांचं बनियन यायचं, त्याला खोकल्याच्या औषधाचा वास. एका घरातून तीन वर्षं ओळीनं कोरी झबली आली, कारण त्या घरात मूल जगत नव्हतं. एकीनं नवऱ्याचा सदरा दिला होता, दारूचे डाग तसेच ठेवून. कोणाच्या घरात काय दुखतं आहे ते अख्ख्या गल्लीत फक्त आमच्या घराला माहीत असायचं, आणि बोलायला गेलं तर गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बापाचा. तरी एक शब्द कधी बाहेर गेला नाही.

बाबांचे मिलमधले दोस्त आनंदराव. ते पलीकडच्या वस्तीत राहायचे. छप्पन सालच्या धम्मदीक्षेत त्यांच्या घरानं बुद्धाला वंदन केलं, आणि त्याच दिवशी नवस-उतारे उंबऱ्याबाहेर टाकले. दर रविवारी आमच्या ओट्यावर येऊन ते बाबांशी भांडायचे.

"कवडूजी, चिंध्या जाळून का रोग जाते गा? डॉक्टरकडं पाठव ना लोकायले."

"पाठवतोच. गोळी डॉक्टरची, चिंधी माही."

"मंग चिंधी कसाले?"

बाबा कमची तासता तासता म्हणायचे, "रोगासाठी नाही गा. माणूस घाबरते ना, त्याच्यासाठी."

आनंदराव मान हलवायचे. दोघांचं कधी पटलं नाही आणि एकाही रविवारचा चहा चुकला नाही. पुढं आयुष्यभर मी देवावर, धर्मावर, पुढाऱ्यांवर कितीतरी भाषणं ऐकली. त्या ओट्याइतकं शहाणं बोलणं पुन्हा कानावर पडलं नाही, हे मी कुठंही सांगेन.

आता देवरावांबद्दल. देवराव आमच्या भागाचे कार्पोरेटर. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा मी काय म्हणायची ते छापण्यासारखं नाही. रस्त्यावर दिवे त्यांनी आणले, नळ आणला, आणि एक शाळाही काढली. शाळेचे अध्यक्ष तेच. आणि त्यांचं ते जाकीट! वांगी रंगाचं, गळाबंद, पुढं पाच पितळी बटणं. वैशाखात डांबर वितळायचं तरी देवरावांच्या अंगात जाकीट. सभेत जाकीट, बारशाला जाकीट, प्रेताला जाकीट. प्रचाराच्या पोस्टरवर चेहरा नीट उमटला नव्हता, पण जाकीट ओळखू येत होतं. सभेत ते अंधश्रद्धेवर तासतासभर बोलायचे. विज्ञानयुग हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या आई, पार्वतीबाई, घरात ऐकू कमी येतं म्हणून सुखी होत्या.

बहात्तर सालची गोष्ट. मी नुकतीच डी.एड. झाले होते आणि देवरावांच्या शाळेत मास्तरणीची एक जागा निघाली होती. मुलाखत झाली. देवराव बाबांना स्वतः म्हणाले, "कवडूजी, पोरगी हुशार आहे. पोळा झाला की ऑर्डर घेऊन जा." आमच्या घरात शिकून नोकरीला लागणारी मी पहिली. आईनं त्या दिवशी शेजारच्या सात घरांत साखर वाटली आणि मग दोन दिवस आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो.

नेमकं त्याच वर्षी गल्लीतल्या पोरांच्या डोक्यात देवरावांचा बडग्या करायचं आलं. नळ आणला खरा, पण त्याला पाणी तासभरही येत नव्हतं. पोरांचा म्होरक्या शालिकराम, केस मागं वळवलेला आणि काम नसलेला. तो ओट्यावर येऊन बसला.

"कवडूकाका, यंदा देवरावले बसवू बंडीवर. तोंड असं करा का पाहताबरोबर समजलं पाहिजे."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा रॉकेलचा करू."

"रॉकेल तर मागच्या साली झालं."

"मंग रॉकेल मिळालं का तुले? नाही ना? मंग पुन्हा करू."

शालिकराम समजायचं ते समजला आणि हसत निघून गेला. मला बाबांची लाज वाटली, आणि त्यांचे उपकारही वाटले. दोन्ही एकदम. माझ्यासाठी ते पहिल्यांदा वाकले होते. त्या वर्षीचं बडग्याचं तोंड त्यांनी इतकं गुळगुळीत आणि बिनओळखीचं केलं, की आनंदराव म्हणाले, "हा तर भोपळा झाला गा."

पोळ्याच्या सकाळी पार्वतीबाई स्वतः आमच्या दारात आल्या. हातात जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. देवरावांना महिनाभरापासून कावीळ होती, हे सगळ्यांना माहीत होतं. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. डॉक्टर मोठा होता, औषधं महागडी होती, आणि उतार पडत नव्हता.

"नजर लागली वं माह्या पोराले," गाठोडं माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "हजार माणसं सभेत टक लावून पाहून राह्यतात. काय पाहतात? हेच पाहतात. म्हून हेच आणलं. त्याले नको सांगू माय. तो मानत नाही, उगाच चिडते."

त्या गेल्यावर मी गाठ सोडली. आत वांगी रंगाचं जाकीट होतं, पाचही बटणांसकट.

आईनं दार लोटून घेतलं. बाबांनी जाकीट हातात घेतलं आणि कपाळाला लावलं. मी म्हटलं, "पोटात भरा. तणसात दाबून टाका. कोणाले दिसते?"

"पोटात नाही चालत. अंगावर पाहिजे."

"मंग परत करा."

"प्रेमिला, म्हातारी माय पोराचं दुखणं घेऊन आली वं. परत कसं करू?"

मी रडायला लागले. खरं सांगायचं तर आक्रस्ताळेपणाच केला. माझी ऑर्डर, माझं शिक्षण, माझी दोन वर्षं, सगळं काढलं. शेवटी बाबांनी एक तोड काढली. जाकीट बडग्याच्या अंगात घातलं आणि वरून दुसऱ्या एका घरातून आलेलं जाड पांघरूण गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटून सुतळीनं बांधलं. अंगावरचं अंगावर राहिलं आणि दिसेनासंही झालं. पण त्यांचं तोंड मात्र उतरलं होतं. रीतीला ते आजवर असे आडून फसवायला गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. मोठ्या चौकात दोन्हीकडच्या माड्यांवर माणसंच माणसं. आमची बंडी मधोमध आली आणि शालिकरामला वाटलं, पांघरुणात गुंडाळलेला बडग्या काही शोभत नाही. तो बंडीवर चढला, सुतळी तोडली आणि पांघरूण ओढून काढलं.

मग एका माडीवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, देवराव!" आणि सगळा चौक फुटला. शिट्ट्या, टाळ्या, ढोल. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. बिनओळखीच्या भोपळ्यासारख्या त्या तोंडाला आता हजार माणसांनी एकच नाव दिलं. समोरच्या एका माडीवर देवराव शहरातल्या मोठ्या पुढाऱ्यांबरोबर पाहुणे म्हणून बसले होते. मी त्यांना उठून आत जाताना पाहिलं. बाबांनी बैलांची वेसण धरली होती. त्यांनी मान वर केलीच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवराव आमच्या ओट्यासमोर आले. गल्ली गोळा झाली. सभेतली शुद्ध भाषा त्यांनी सोडली नव्हती.

"कवडूजी, ते जाकीट तुमच्याकडे कसं आलं?"

बाबांनी कानावरची बिडी काढून हातात घेतली.

"आई म्हणते, वाळत घातलं होतं, तिथून गेलं. म्हणजे घरातल्याच कोणीतरी दिलं. भांडीवाली भागीरथा सोडून आमच्या घरात बाहेरचं कोणी येत नाही. उद्या तिला पोलिसांत देतो. तीच सांगेल."

भागीरथा गर्दीतच उभी होती. तीन पोरांची विधवा बाई. ती मागच्या माणसांत सरकायला लागली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग देवरावांकडे.

"तिचा काही संबंध नाही. मीच उचललं."

"काय?"

"वाळत होतं. मी उचललं." आणि त्या आवाजात ते कोणाला ऐकू आलं नाही असं गल्लीत एकही घर उरलं नाही.

देवराव जायला वळले. मग म्हणाले, "पोलिसांत जाणार नाही. तेवढा लहान माणूस मी नाही. पण चोराच्या मुलीला माझ्या शाळेत जागा नाही."

मी पुढं झाले. माझ्या ओठांवर पार्वतीबाईंचं नाव आलं होतं. बाबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

घरात शिरल्यावर मी त्यांना नको नको ते बोलले. ढोंगी म्हटलं. म्हटलं, "तुमाले तुमची रीत प्यारी, पोरगी नाही." ते खाटेवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "आज एक नाव सांगतलं तर उद्या चाळीस घरं घाबरतील. आपलंबी नाव सांगन म्हणतील. लोकायनं मले त्यायचं दुखणं देलं वं. तुह्या नोकरीपायी ते कसं विकू?"

मला ते पटलं नाही. बावीस वर्षांच्या मुलीला असल्या गोष्टी पटत नसतात, आणि पटूही नयेत.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. मिलच्या फाटकाशी पोरं ओरडायची, "जाकीट सांभाळा गा, कवडूजी आले." बाबा गल्लीतून निघाले की बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या, त्यांना दिसेल अशा बेतानं. ज्यांची दुखणी बाबांनी पोटात ठेवली होती त्याच बायका. मी त्या प्रत्येकीचं सगळं ओळखून होते. एकेकीच्या दारात उभं राहून तिच्या घरचं सांगत सुटावं, असं मला रोज वाटायचं. डबा खायला बाबांशेजारी फक्त आनंदराव बसायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "तू चोर असशील तर मी गव्हर्नर हाये."

दसऱ्याच्या सुमारास माझा धीर सुटला. बाबा मिलच्या पाळीला गेलेले पाहून मी सरळ देवरावांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं, नोकरी नको पण बापाचं नाव धुवून काढायचं, असं ठरवून.

पार्वतीबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला जवळ ओढलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"लागला वं तुह्या बापाचा हात! चार दिवसांत डोळे पांढरे झाले माह्या पोराचे. दोन भाकरी खाते आता. मी रोज दिवा लावतो तुह्या बापाच्या नावानं."

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ऐकू येत नव्हतं, बाहेर पडणं होत नव्हतं, आणि घरात त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्यात आतून देवराव आले. डोळे खरोखरच पांढरे झाले होते.

"बापाच्या वतीनं माफी मागायला आलीस का?"

म्हातारी हसून माझ्याकडे बघत होती. लेकानं काय म्हटलं ते तिला ऐकू आलं नव्हतं. तिला वाटलं, तो माझी विचारपूस करतो आहे. माझ्या हातात तिनं गुळाचा खडा ठेवला होता. मी बोलले असते तर या बाईला कळलं असतं, की तिनं लेकाला वाचवायला दिलेल्या कपड्यानं लेकाची शहरभर छी-थू झाली आणि एका गरिबाचं घर बसलं. मी "हो" म्हणाले. माफी मागितली. गूळ खाल्ला आणि घरी आले.

बाबांना मी हे सांगितलं नाही. पण त्यानंतर मी त्यांना टाकून बोलले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात मला पारशिवनीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. एक खोली, एक स्टोव्ह, आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घर. देवरावांची गरज उरली नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता! पण घरी आले की बाबा ओट्यावर एकटे बसलेले दिसायचे आणि तो आनंद तिथंच विरून जायचा.

त्र्याहत्तरचा पोळा आला. मी रजा घेऊन चार दिवस आधी आले. बाबांनी बांबू आणले, तणस आणलं, सांगाडा उभा केला. पण कपडा येईना. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. चोराच्या दारात कोण आपलं दुखणं ठेवणार? पलीकडच्या गल्लीतून नवा कोरा कपडा आणून शालिकराम वेगळा बडग्या करतो आहे, अशी बातमी आली. बाबा सांगाड्याला तणस बांधत राहिले, सोडत राहिले, पुन्हा बांधत राहिले. मी आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नाही, पण ते बांधणं-सोडणं पाहवत नव्हतं.

पोळ्याच्या दुपारी आनंदराव आले. खाकी पिशवीतून त्यांनी स्वतःचा फाटका मिलचा शर्ट काढला.

"मी मानत नाही, हे पहिले सांगून ठेवतो. पण बडग्या उघडा फिरते हे बरं नाही दिसत गा."

बाबांनी शर्ट कपाळाला लावला. आनंदरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

संध्याकाळी नळाला पाणी आलं. आमच्या घरासमोरच गल्लीचा नळ, त्यामुळे वीसेक बायका बादल्या, पाण्याचे पितळी गुंड घेऊन उभ्या. तेवढ्यात देवराव येताना दिसले. अंगात साधा सदरा, बरोबर माणसं नाहीत, पायांत वहाण नाही. छातीशी धरलेलं गाठोडं. गेला महिनाभर पार्वतीबाई अंथरुणावर होत्या, अन्न सुटलं होतं, हे मी आल्याआल्याच ऐकलं होतं.

दारात मीच होते. त्यांनी गाठोडं पुढं केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चोराच्या घरी काहून आणलं?" मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं. "तुमचं बी काही उचलून घेईन ना माहा बाप."

ते खाली मान घालून म्हणाले, "प्रेमिला, मले मायनं काल सांगतलं." त्यांच्या तोंडून मी आमची बोली पहिल्यांदा ऐकत होते. "म्हणे, तुहं जाकीट मीच देलं होतं कवडूजीले, म्हून तू वाचला. आता माहं लुगडं तूच नेऊन दे."

"हे मले काहून सांगता? तिकडं सांगा." मी नळाकडं बोट दाखवलं.

मला वाटलं नव्हतं ते सांगतील. मतं मागणारा माणूस. पुढच्या साली निवडणूक. पण ते वळले. सभेचा सराव होता, शब्द स्वच्छ आले.

"कवडूजीनं जाकीट चोरलं नव्हतं. माह्या मायनं आपल्या हातानं आणून देलं होतं. मी त्यायले साऱ्या गल्लीत चोर म्हटलं. चुकलो मी."

कोणाची तरी बादली भरून वाहायला लागली, पण नळ कोणी बंद करेना. वर्षभर मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. आणि तेवढ्यात आतून बाबा तरातरा बाहेर आले. मला वाटलं, आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते संतापले होते.

"नाव काहून घेतलं गा?" ते देवरावांवर ओरडले. कार्पोरेटरला एकेरी. "वर्षभर मी तोंड दाबून बसलो, अन् तू चौकात उभा राहून पत्ता सांगून राहिला? अक्कल हाये का तुले?"

देवराव लहान पोरासारखे उभे. गाठोडं पुढं करत म्हणाले, "कवडूजी, हे माह्या..."

"चूप!" बाबांनी त्यांच्या तोंडापुढं हात धरला. "हे कोणाचं ते मले माहीत नाही. तुलेबी माहीत नाही." आणि त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं.

"बरं वाटन ना गा?" देवरावांनी विचारलं.

बाबांनी खोटं सांगितलं नाही. "ते माह्या हाती नाही. पण घाबरू नोको म्हणा. एकटं नाही जाणार हे लुगडं, एक शर्ट हाये संगं."

देवराव तिथंच ओट्यावर बसले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. पार्वतीबाई पुढं दिवाळीच्या आधी गेल्या. लुगडं जळलं तरी दुखणं काही गेलं नाही. पण शेवटचे दोन महिने त्या शांत होत्या, असं देवरावांनीच मला पुढं कितीदा तरी सांगितलं, आणि त्यांच्या शाळेत येण्याबद्दलही विचारलं. मी गेले नाही.

पण ती संध्याकाळ. देवराव ओट्यावर बसलेले होते, बाबा दारात लुगडं धरून उभे होते, आणि नळावरची एक बाई आपली बादली तशीच सोडून घराकडं वळली. मग दुसरी. मग तिसरी. काही वेळानं नळावर नुसत्या बादल्या उरल्या. मला वाटलं, लाजेनं गेल्या. मी चूल पेटवायला आत वळले, तर मागून पावलं वाजली. पहिली बाई पदराखाली काहीतरी झाकून आमच्या दारात उभी होती, आणि तिच्या मागं गल्लीभर बायकांची रांग लागली होती.

दिवे लागेपर्यंत मी दारात उभी राहून एकेक कपडा घेत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्या रांगेत कोण कोण होतं आणि कोणी काय दिलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. सांगणार मात्र नाही.